दुसरी मशीन घेण्याआधी स्वतःची रंगांची लायब्ररी बनवा



फ्लेक्स आणि व्हिनाइल प्रिंटिंगच्या धंद्यावरचा व्हिडिओ टाकल्यापासून तुमचे प्रश्न येतायत. जवळपास सगळे एकाच प्रकारचे. सर, सहा फुटी मशीन घेऊ की दहा फुटी? सॉल्व्हंट घेऊ की इको-सॉल्व्हंट? दोन हेडची बरी की चार हेडची? कर्ज किती काढू? प्रश्न चुकीचे नाहीत. पण एकानेही असं विचारलं नाही की, "सर, गिऱ्हाइकाला पाहिजे तोच रंग दर वेळी कसा काढायचा?"

माझं मत सरळ सांगतो. लहान गावात किंवा तालुक्याला प्रिंटिंगचं दुकान टाकायचं असेल, तर मशीनच्या वेगापेक्षा रंगाची खात्री जास्त पैसे मिळवून देते. आणि ती खात्री येते स्पॉट कलर लायब्ररीतून. हा विषय मोठ्या शहरातल्या मोठ्या प्रेसचा आहे, आपल्याला काय करायचंय, असं मलाही वाटायचं. ते वाटणं मला कितीला पडलं, ते आधी ऐका.

एका लाल रंगाची किंमत

आमचं दुकान साताऱ्यात. दुकान सुरू करून दोन वर्षं झाली होती. दूध आणि मिठाईचा धंदा असलेले एक काका आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या पाच शाखा. पाचही दुकानांवर एकसारखे बोर्ड लावायचे ठरले. पहिले दोन साध्या फ्लेक्सवर केले, काका खूश. महिन्याभराने बाकीच्या तीन दुकानांना आतून लाइट असलेले बोर्ड पाहिजे म्हणाले. तीच फाइल, तीच मशीन, तोच ऑपरेटर. आम्ही बॅकलिट फ्लेक्सवर छापले, रात्रीतून बसवले.

संध्याकाळी लाइट लागले आणि काकांचा फोन आला. "अरे, माझा लाल कुठे गेला? हा तर गुलाबी दिसतोय. दोन दुकानं माझी आणि तीन दुसऱ्याची, असं वाटतंय."

मी बघायला गेलो. काकांनी हातात दुधाची पिशवी धरली होती. पिशवीवरचा लाल आणि बोर्डावरचा लाल शेजारी धरल्यावर मला बोलायला काही उरलंच नाही.

तीनही बोर्ड परत केले. २४० चौरस फूट, मटेरियल आणि शाई मिळून माझा खर्च फुटाला २२ रुपये, म्हणजे ५,२८० रुपये. उतरवून परत बसवायची मजुरी बोर्डाला १,८०० प्रमाणे ५,४०० रुपये. टेम्पो ९००. एकूण ११,५८० रुपये खिशातून गेले. बघा, छपाईपेक्षा फिटिंगलाच जास्त लागले. आपण फुटाच्या दरावर भांडत बसतो, पण काम परत करायची वेळ आली की पैसा शिडीवर आणि टेम्पोत जातो.

आणि हे नुकसान छोटंच होतं. सहा महिन्यांनी काकांच्या दुधाच्या गाड्यांवर ग्राफिक्स करायचं काम निघालं. ते दुसऱ्या दुकानात गेलं. काकांनी मला विचारलंसुद्धा नाही.

आता यातला सगळ्यात वाईट भाग. डिझायनरने दिलेल्या मूळ फाइलमध्ये तो लाल "पँटोन १८५ सी" म्हणून नीट नाव देऊन भरलेला होता. पिशवी छापणाऱ्यांनी तेच नाव वापरलं होतं, म्हणून पिशवी बरोबर आली. आम्ही काय केलं? सवयीप्रमाणे फाइलची जेपीजी केली आणि मशीनला सोडली. रंगाचं नाव तिथेच पुसलं गेलं. चूक डिझायनरची नव्हती, मशीनची नव्हती. माझी होती.

रंगाचं नाव आणि रंगाची कृती

हा मुद्दा समजला की बाकीचं सोपं आहे.

आपण कोरलमध्ये रंग भरतो तेव्हा चार आकडे देतो. सायन इतका, मॅजेंटा इतका, यलो इतका, ब्लॅक इतका. आपल्याला वाटतं आपण रंग दिला. तसं नाही. आपण कृती दिली. आमटीची एकच कृती तुम्ही दोन घरांत द्या. मीठ, तिखट, गूळ सगळं मोजून. तरी चव वेगळी येते, कारण तिखट वेगळं, डाळ वेगळी, आच वेगळी. तसंच १०० टक्के मॅजेंटा आणि १०० टक्के यलो म्हणजे माझ्या मशीनवर एक लाल, शेजारच्या मशीनवर दुसरा लाल आणि माझ्याच मशीनवर मटेरियल बदललं की तिसरा लाल.

स्पॉट कलर म्हणजे कृती न देता चव सांगणं. "मला हा, एवढाच, असाच रंग पाहिजे" असं नावाने सांगायचं. अमेरिकेतल्या पँटोन कंपनीने १९६३ साली रंगांना नंबर देऊन त्यांची पंख्यासारखी उघडणारी पुस्तिका काढली, त्यामागे हीच गरज होती. मुंबईतला डिझायनर आणि साताऱ्यातला प्रिंटर फोनवर बोलताना "जरा गडद लाल" म्हणण्याऐवजी नंबर बोलतात. नंबरापुढचा "सी" म्हणजे गुळगुळीत कोटेड कागदावर तो रंग कसा दिसतो ते, आणि "यू" म्हणजे साध्या कागदावर. शाई तीच, पण दिसतो वेगळा. फ्लेक्स-व्हिनाइलसाठी आपण "सी" बघायचं.

ऑफसेट प्रेसमध्ये स्पॉट कलर म्हणजे खरोखर वेगळी शाई घोटून डब्यात भरतात. आपल्या लार्ज फॉरमॅट मशीनमध्ये तसा डबा नसतो. तिथे तेच चार रंग असतात, काही मशीनमध्ये फिका सायन, फिका मॅजेंटा किंवा ऑरेंजसारखे जादा रंग. मग नावाचं काय होतं? मशीनला काम सोडणारं जे सॉफ्टवेअर असतं, ज्याला आपण रिप म्हणतो, त्याच्यात एक तक्ता असतो. फाइलमध्ये "पँटोन १८५ सी" हे नाव दिसलं की रिप त्या तक्त्यात बघतो. तिथे त्या रंगाची लॅब मूल्यं असतात, म्हणजे कुठल्याही मशीनवर अवलंबून नसलेलं रंगाचं मोजमाप. मग तो मटेरियलचं प्रोफाइल बघतो आणि ठरवतो की या फ्लेक्सवर, या शाईने, तो रंग काढायला चार रंग किती किती टाकायचे.

म्हणजे दोन गोष्टी लागतात. नाव शेवटपर्यंत टिकलं पाहिजे आणि मटेरियलचं प्रोफाइल बरोबर पाहिजे. माझ्या बोर्डांत दोन्ही चुकलं होतं. नाव जेपीजीत गेलं, आणि बॅकलिटचं काम साध्या फ्लेक्सच्या प्रोफाइलवर छापलं. बॅकलिटला मागून उजेड येतो, शाई जास्त लागते. कमी पडली की लालाचा गुलाबी होतो.

नाव कुठे कुठे हरवतं

पहिली जागा, जेपीजी. आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर जेपीजी पाठवायची सवय इतकी मुरलीय की गिऱ्हाईक, डिझायनर, ऑपरेटर सगळे त्याच भाषेत बोलतात. जेपीजीत स्पॉट कलर राहतच नाही. लोगोचं काम असेल तर पीडीएफ मागा. आणि व्हॉट्सअॅपवर घ्यायचीच असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून घ्या.

दुसरी जागा, पीडीएफ काढताना. कोरलच्या पीडीएफ सेटिंगमध्ये रंग "नेटिव्ह" ठेवा आणि स्पॉट कलर बदलण्याचा जो पर्याय असतो तो बंद आहे ना ते बघा.

तिसरी जागा, लोगोला दिलेली सावली आणि पारदर्शकपणा. सावली घातली, बिटमॅप केलं, की तेवढ्या भागातलं नाव जातं. मग अर्धा लोगो एका लालमध्ये आणि अर्धा दुसऱ्या लालमध्ये येतो.

चौथी जागा, नावाचं स्पेलिंग. रिप माणसासारखा अंदाज करत नाही. तक्त्यात जे नाव आहे तेच, तसंच अक्षरन् अक्षर पाहिजे. एखाद्याने नाव बदलून "कंपनीचा लाल" केलं तर रिपला तो रंग सापडत नाही आणि तो आपल्या मनाने चार रंगांत उतरवतो.

पाचवी जागा म्हणजे रिपमधलंच सेटिंग. स्पॉट कलर ओळखण्याचा पर्याय बऱ्याचदा बंद असतो. मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरला पहिल्याच दिवशी विचारा, कुठे आहे ते दाखवायला लावा. तो गेल्यावर फोनवर शोधत बसू नका.

विकतच्या लायब्ररीपेक्षा आपली घरची बरी

इथे माझं मत बऱ्याच ट्रेनरपेक्षा वेगळं आहे. ते सांगतात, पँटोनची पुस्तिका घ्या, विषय संपला. पुस्तिका चांगलीच आहे, पण किंमत पाच आकडी, आणि रंग उडतात म्हणून वर्ष-दीड वर्षाने बदला असं कंपनीच सांगते. नवीन दुकानाला पहिल्या दिवशी तो खर्च करायची गरज नाही.

दुसरं असं की दुसऱ्याच्या लायब्ररीवर पूर्ण भरवसा ठेवू नये. २०२२ च्या शेवटी अडोबीच्या सॉफ्टवेअरमधून पँटोनच्या बऱ्याचशा लायब्ररी काढल्या गेल्या आणि त्या रंगांसाठी वेगळं पैसे भरून सबस्क्रिप्शन घ्यायची वेळ आली. कित्येकांच्या जुन्या फोटोशॉप फाइल उघडल्यावर ते रंग चक्क काळे दिसायला लागले. ज्यांनी आपल्या गिऱ्हाइकांचे रंग स्वतःच्या वहीत मोजमापासकट लिहून ठेवले होते, त्यांचं काम थांबलं नाही.

म्हणून म्हणतो, आपली घरची लायब्ररी बनवा. खर्च जवळपास शून्य. फ्लेक्सच्या रोलच्या कडेला जी पट्टी वाया जाते, त्यावरच हे होतं.

सुरुवात भगव्यापासून करा. का? कारण आपल्याकडे शिवजयंती, गणपती, यात्रा, सप्ताह, सगळीकडे भगवा लागतो, आणि सगळ्यात जास्त तक्रारी भगव्याच्याच येतात. मोबाइलवर तो झळाळतो, फ्लेक्सवर कधी विटकरी येतो, कधी हळदीकडे जातो. प्रत्येक मंडळाचा भगवा वेगळा आणि प्रत्येकाला आपलाच खरा वाटतो.

पाच सेंटिमीटरचे १८ चौकोन काढा. आडव्या सहा, उभ्या तीन. पहिल्या ओळीत यलो १०० कायम ठेवा आणि मॅजेंटा ५०, ५५, ६०, ६५, ७०, ७५ असं वाढवत न्या. दुसऱ्या ओळीत तेच, पण यलो ९०. तिसऱ्या ओळीत यलो १०० आणि सोबत ५ टक्के सायन. प्रत्येक चौकोनाखाली त्याचं नाव छापा, भगवा १ ते भगवा १८. तीस बाय पंधरा सेंटिमीटरची पट्टी झाली. हीच पट्टी साधा फ्लेक्स, स्टार फ्लेक्स, व्हिनाइल, बॅकलिट, जे जे मटेरियल तुम्ही विकता त्यावर छापा. बॅकलिटची पट्टी ट्यूबलाइटसमोर धरून बघा, टेबलावर ठेवून नाही.

मग ती काउंटरला टांगा. मंडळाचा कार्यकर्ता आला की मोबाइल दाखवू द्या, पण बोट पट्टीवर ठेवायला सांगा. "दादा, यातला कोणता?" तो म्हणतो, "हा, सात नंबर." विषय संपला. तो नंबर बिलावर लिहा, त्याची सही घ्या.

पुढे जाऊन रिपमध्ये आणि कोरलच्या पॅलेटमध्ये "भगवा ७" याच नावाचा स्पॉट कलर बनवून ठेवा. कोरलमध्ये रंगाला स्पॉट म्हणून ठेवायचा पर्याय असतो. रिपच्या तक्त्यात त्या नावापुढे प्रत्येक मटेरियलसाठी जमलेले आकडे भरा. आता ऑपरेटर बदलला, तुम्ही गावाला गेलात, तरी भगवा ७ हा भगवा ७ च येणार. स्वस्तातल्या रिपमध्ये ही सोय नसेल तर एक जाड वही करा. रंगाचं नाव, मटेरियल, चार आकडे, तारीख आणि छापलेला तुकडा चिकटवलेला. हीसुद्धा लायब्ररीच आहे.

भगव्यानंतर तुमच्या पहिल्या दहा गिऱ्हाइकांचे लोगो घ्या. बँक, पतसंस्था, शाळा, क्लासेस, दवाखाने, डेअरी. जे वर्षातून चार वेळा येतात त्यांचे रंग आधी.

तुकडा तपासताना तीन गोष्टी पाळा. छापल्या छापल्या निर्णय देऊ नका, शाई सुकू द्या. लॅमिनेशन होणार असेल तर लॅमिनेशन करूनच बघा, त्याने रंग बदलतो. आणि एकदा दुकानातल्या लाइटखाली, एकदा बाहेर दिवसाच्या उजेडात बघा. एका उजेडात जुळलेले दोन रंग दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात.

लायब्ररी काय करू शकत नाही

इथे गिऱ्हाइकाशी खरं बोलायचं. चार रंगांच्या मशीनमधून काही रंग निघतच नाहीत. पँटोनचा ऑरेंज ०२१ किंवा रिफ्लेक्स ब्ल्यू यांची तीच झळाळी साध्या चार शायांत येत नाही. जवळचा येतो. निऑन रंग येत नाहीत. सोनेरी छापायला गेलात तर पिवळट तपकिरी येतो. हे काम घ्यायच्या आधी सांगा, तुकडा दाखवा. आधी सांगितलं तर ती माहिती असते, नंतर सांगितलं तर ती सबब होते.

दुसरी गोष्ट, शाई. फुटामागे दोन पैसे वाचवायला शाईचा ब्रँड बदललात की तुमची सगळी लायब्ररी बाद झाली. सगळे तुकडे परत छापावे लागतील. म्हणून मी शाई बदलत नाही. डीलर किती का स्कीम देईना. हेडचे नोझल बंद असतील तरी लायब्ररीचा उपयोग नाही. सकाळी पहिलं काम नोझल चेक, मग बाकीचं.

तिसरी, जुना बोर्ड. दोन वर्षं उन्हात राहिलेल्या बोर्डाचा लाल-पिवळा उडालेला असतो. गिऱ्हाईक म्हणतं, "त्याच्यासारखाच करा." उडालेल्या रंगाला जुळवू नका. वहीतला तुकडा दाखवा आणि दोन्ही नवीन करायचे की एकच, हे त्यांना ठरवू द्या.

"गिऱ्हाईक दर विचारतं, रंग नाही"

हे वाक्य मला प्रत्येक बॅचमध्ये ऐकायला मिळतं. आणि अर्ध खरं आहे. वाढदिवसाचा फ्लेक्स रात्री आठला येतो, सकाळी चौकात लागतो, आठवड्याने उतरतो. तिथे फोटोतला चेहरा काळा आला नाही म्हणजे झालं. त्या कामाला लायब्ररी लावायच्या भानगडीत पडू नका. वेळ घालवाल.

पण त्या कामात तुमची स्पर्धा कोणाशी आहे? गावातल्या प्रत्येक मशीनवाल्याशी. एकजण फुटाला दहा म्हणतो, दुसरा नऊ, तिसरा आठ. यात शेवटी सगळ्यात दमलेला माणूस जिंकतो.

दुसऱ्या प्रकारचं काम म्हणजे ज्याला आपला रंग ओळखीसाठी लागतो. शाखा असलेली दुकानं, पतसंस्था, शाळेच्या बस, दुधाच्या गाड्या. हे लोक दर विचारतात, नाही असं नाही. पण एकदा रंग चुकला की दर कितीही कमी असला तरी परत येत नाहीत. आणि एकदा बरोबर मिळाला की सहसा हलत नाहीत, कारण त्यांचा रंग तुमच्याकडे जमलेला असतो.

मी आता नवीन लोगोसाठी रंग जमवायचे एकदाच ५०० रुपये घेतो. त्यात तीन मटेरियलवरचे तुकडे, एक संच माझ्याकडे आणि एक त्यांच्याकडे. काहीजण कुरकुर करतात. मग मी त्यांना काकांच्या तीन बोर्डांची गोष्ट सांगतो. आणि एक गोष्ट पाळा, रंगाचा नंबर गिऱ्हाइकापासून लपवू नका. रंग त्यांचा आहे. नंबर अडकवून ठेवून गिऱ्हाईक टिकत नाही, काम चोख केलं की टिकतं.

काका परत आले का? गेल्या वर्षी सहाव्या शाखेचा बोर्ड घेऊन आले. लहानच काम होतं. मी आधी बॅकलिटवर तुकडा छापला, मागून ट्यूबलाइट लावली आणि दुधाची पिशवी शेजारी धरली. काकांनी दोन-तीनदा इकडून तिकडून बघितलं आणि म्हणाले, "हां, हा माझा." गाड्यांचं काम अजून दुसऱ्याकडेच आहे. ते मिळायला वेळ लागेल, आणि कदाचित मिळणारही नाही.

तुमच्यावर ती वेळ यायच्या आधी या आठवड्यात एवढंच करा. उद्या सकाळी नोझल चेक झाला की वाया जाणाऱ्या पट्टीवर १८ भगवे छापा. अजून मशीन घेतली नसेल तर जिथून छापून घेता त्या दुकानदाराला विनंती करून छापून घ्या, तारीख टाका आणि जपून ठेवा. पुढच्या व्हिडिओत बॅकलिटसाठी हेच आकडे कसे वाढवायचे ते आमच्या मशीनवर करून दाखवतो. पट्टी समोर घेऊन बसा, म्हणजे लगेच पडताळता येईल.